डाव्या अंगाची अक्षरं

२२ ऑगस्ट
बंदूक आली एकदाची. वडिलांची दुनळी दुकानदाराच्या हातात देताना जरा जीव अडकला. मग नवी हातात घेतली आणि विसरलो. फौजेतल्या जवानाकडे असते तशी दिसते, फक्त आखूड. दस्ता दुमडला की शोभाच्या बाजाराच्या पिशवीत मावेल. घोडा एकदा दाबला की एक गोळी, पुन्हा दाबला की दुसरी, मधे ओढाताण नाही. परवान्यात बसते, कागद चोख. नाव ठेवलं ठेंगणी.
शोभा म्हणाली, "पंपावर बसून कुणाला मारायचंय एवढ्या बंदुकीनं?" बायकोला काय सांगणार. दरोड्याच्या दिवशी ती पंपावर नव्हती.

२५ ऑगस्ट
ठेंगणी पंपावर नेली. लक्ष्मणला दाखवली. तो पंप सुरू झाल्यापासून माझ्याकडे आहे. बघितलं, म्हणाला "चांगली हाय", आणि डाव्या हातानं नळी उचलून ट्रकमध्ये डिझेल सोडायला लागला. उजवं मनगट वाकडंच जुळलंय.
इथं लिहून ठेवतो, बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी दिवस मावळायला दोघं कोयते घेऊन आले तेव्हा मी केबिनमध्ये होतो. टेबलाखाली. दुनळी मागच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. लक्ष्मणचं मनगट मोडलं तो आवाज मी ऐकला. गाडी लांब गेली तेव्हा बाहेर आलो आणि मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. लक्ष्मणनं आजवर एका शब्दानं विचारलं नाही की तात्या, तुम्ही कुठं होता. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३ सप्टें.
पार्सल आलं. रबरी मूठ, छातीवरून घ्यायचा पट्टा, लाल ठिपक्याची दुर्बीण. अख्खी दुपार बसवण्यात गेली. मूठ दोनदा उलटी बसली. ठिपका सीताफळाच्या झाडावर धरला, मग पाण्याच्या टाकीवर. हात थरथरत नाही हे पाहून बरं वाटलं.
पट्टा घालून आरशापुढे उभा राहिलो. पोट आडवं आलं. शोभा दारात होती हे उशिरा कळलं. "सरहद्दीवर निघालात तर येताना दूध आना," म्हणाली.

९ सप्टें.
काळ्या रंगाचा कंटाळा आला. सगळ्यांच्या काळ्याच असतात. गोदावरीच्या वाळूचा रंग पाहिजे, आणि डाव्या अंगाला माझं नाव.
गेवराईत रियाज पेंटरकडे गेलो. बुलेटच्या टाक्या, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्यांवरची नावं, सगळं त्याच्या हातचं. आमचा पहिला ट्रॅक्टर त्याच्या बापानं रंगवला होता. माझ्या लग्नात रियाज पोरगेला होता, पंगतीत जिलेबी वाढत फिरत होता. ठेंगणी बघून हात फडक्याला पुसत मागं सरला.
"तात्या, मी टाक्या रंगवनारा मानूस. ह्याच्यात पोलिसाचं काय लफडं न्हाई ना?"
म्हटलं, माझी हाय, परवाना हाय, तू रंगव. खंडेनवमीच्या पूजेला पाहिजे.
गोळ्या काढून घेतल्या, बंदूक त्याच्याकडे ठेवून आलो. कापडात गुंडाळून त्यानं ती आतल्या खोलीत, कपड्यांच्या पेटीत ठेवली.

१८ सप्टें.
बीडला निघालो होतो. रियाजचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला. डाव्या अंगाला कंपनीची बारीक अक्षरं आहेत, नाव टाकायला जागा नाही. मी गाडी चालवता चालवताच उलट आवाज पाठवला, सगळं घासून सपाट कर, एक अक्षर दिसू देऊ नको. पुन्हा त्याचा आवाज, त्यात नंबर पन हाय तात्या, चालतंय का? म्हटलं, चालतंय की. माझी बंदूक हाय, मला कोन इचारतंय.
बीडला कामं काही झाली नाहीत. साहेब बैठकीत.

२७ सप्टें.
ठेंगणी परत आली. काय काम केलंय पठ्ठ्यानं. तांबूस वाळूचा रंग, हात फिरवला तर कुठं खड्डा नाही की उंचवटा नाही. आणि डाव्या अंगाला 'तात्या', शेवटचा काना खाली ओढून तलवारीसारखा वळवलेला. रियाज म्हणाला, "लांबीची पुट्टी भरून चार बार घासलंय तात्या. कंपनीवाला आला तरी त्याला वळखू येनार न्हाई."
त्याला जेवून जा म्हटलं. जेवला नाही, दुकानात ट्रॉल्यांची रांग आहे म्हणाला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर.

१ ऑक्टो., खंडेनवमी
पूजा. कोयता, खुरपं, पाना, वडिलांची काठी आणि मधोमध ठेंगणी. शोभानं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ठेंगणीला लावताना थांबली. "रंग जायचा न्हाई ना? न्हाईतर मलाच बोलताल." फोटो काढला, स्टेटसला ठेवला, डीपीलाही. दिवसभर फोन. तात्या, कुठून घेतली, कुणाकडून रंगवली. सगळ्यांना रियाजचा नंबर दिला.
खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

२८ ऑक्टो.
नगरपालिकेच्या निवडणुकीमुळे परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायची, नोटीस आली. दर निवडणुकीला असतं. पावती घ्यायची, मतदान झालं की परत आणायची. लक्ष्मण म्हणाला, "मग येवढे दिवस आपलं कसं?" गमतीनं म्हणाला की मनातलं म्हणाला, कळलं नाही.

४ नोव्हें.
आजचं क्रमानं लिहितो.
ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा, दर वेळी तोच वही भरतो. परवाना उघडला, नंबरावर बोट ठेवलं, बंदूक फिरवली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, खालून पाहिलं.
"तात्या, नंबर कुठंय?"
तिथं नाव दिसलं तेव्हा दोघंही हसलो. मग त्यानं नखानं खरवडलं. मग चिमट्यानं. रंग निघाला, लांबी निघाली, खाली लखलखीत लोखंड. नंबर नुसता झाकला असता तर उघडा पडला असता. रियाजनं ग्राइंडर फिरवलाय. पहिले दोन आकडे अर्धेमुर्धे दिसतात, बाकी सपाट.
हवालदार हसायचा थांबला. म्हणाला, "हे मला साहेबाला दाखवावं लागंल. माझा इलाज न्हाई." त्याचं काही चुकलं नाही. बंदूक जप्त, पंचनामा, सही. घरी सोडलं, उद्या बोलावलंय.

५ नोव्हें.
बीडचे वकील घरी आले. परवाना त्यांनी पहिल्यांदा मला वाचून दाखवला, मागच्या पानासकट. इतके दिवस कपाटात होता, मी कधी वाचला नव्हता. नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडलं त्यानंच खोडलं, असं कायदा धरून चालतो. बिनपरवाना माणसाच्या हातात हत्यार दिलं, तो वेगळा गुन्हा. परवाना तर गेलाच, वर तुरुंग. पंपही जाईल म्हणाले, तेल कंपनी असल्या माणसाकडे पंप ठेवत नाही.
मग चहा पिता पिता म्हणाले, "तुम्ही त्याला रंगवायला घरी बोलावलं होतं. तुमच्यासमोर. तुम्ही पंपावर गेलात आणि तो न विचारता घेऊन गेला. नाव टाक एवढंच तुम्ही सांगितलं. नंबर का घासला ते त्याचं त्याला ठाऊक."
मी म्हटलं, तो का घासेल?
"ते तुम्ही कशाला सांगताय? पोलीस विचारतील त्याला."
शोभा आतून पाण्याचे पेले घेऊन आली, तेव्हा वकील ऊसभावावर बोलायला लागले.

६ नोव्हें.
जबाब दिला. दोन पानं. वकिलांनी सांगितलं तसं. लिहून घेणाऱ्यानं मधे विचारलं, "नंबर घास असं तुम्ही म्हटला होता का?" मी म्हटलं, नाही. सही करताना पेन चाललं नाही, दुसरं घेतलं.
पुन्हा टेबलाखाली.

७ नोव्हें.
रियाजला दुकानातून नेलं. लक्ष्मणनं सांगितलं. तो सकाळी गेवराईत होता, त्यानं बघितलं. रियाज ट्रॉलीवर नाव काढत होता, साहेबांना म्हणाला एवढी दोन अक्षरं पुरी करू द्या, गडी आज निघालाय तोडीला. करू दिली म्हणे.
सांगून झालं तरी लक्ष्मण उभाच राहिला. मी मोबाईलमध्ये बघत बसलो. डिझेलला गाडी आली तेव्हा गेला.

१० नोव्हें.
तोडीच्या गाड्या निघाल्यात. सकाळपासून रांग, मागं ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, बायका, लेकरं. प्रत्येक दुसऱ्या ट्रॉलीवर रियाजचं अक्षर. काना तसाच खाली ओढलेला. आईची नावं, गावाची नावं, देवांची नावं. डिझेल भरून एक जाते की मागून दुसरी येते. केबिनची खिडकी लावून घेतली तर उकाडा.
धारूरकडच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "तात्या, रियाजभाईला कावून नेलं म्हनं? गावठी कट्टे इकायचा का काय तो?" म्हटलं, मला काय माहीत. तीन दिवसांत पेंटरचा कट्टेवाला झाला. मी एवढं म्हटलं नव्हतं. मी एवढं म्हटलं नव्हतं हे आता कुणाला सांगू.

१३ नोव्हें.
दुपारी शबाना आली. रियाजची बायको. रिक्षानं हायवेपर्यंत, तिथून चालत. केबिनमध्ये खुर्ची दिली तर बसली नाही. आधी मला वाटलं भांडायला आली. भांडली असती तर मलाही आवाज चढवता आला असता.
दुकानाचा मोबाईल घरी राहिला होता, पोलिसांनी फक्त त्याच्या खिशातला नेला. तिनं तो पदराआडून काढला आणि लावला. माझा आवाज. घासून सपाट कर. मग रियाजचा, नंबर पन हाय तात्या. मग पुन्हा माझा, चालतंय की. बाहेर लक्ष्मण नळी लावत होता. ऐकू गेलं असेल, नसेल.
मोबाईल धरून उभी होती. "पोलिसाला देऊ का, तात्या? तुमीच सांगा. आमाला काय कळतंय. भेटाय गेलते तवा ते म्हनले, तात्याला इचारल्याबिगर काय बी करू नगं."
मी म्हटलं, मी त्याच्याविरुद्ध जबाब दिलाय, त्याला माहीत आहे का?
"सांगितलं त्येंना साहेबानं. ते म्हनले, तात्यानं सही केली तर कायतरी इचार असंल. वकील तसं लिवून घेतेत, मागून सोडवतेत."
मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "ठेव तुझ्यापाशी. सध्या कुणाला देऊ नको. मी बघतो."
ती हो म्हणाली आणि गेली. मला माझा राग आला, हे लिहायलाही लाज वाटते, कारण राग यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

१५ नोव्हें.
वकिलांना क्लिपचं सांगितलं. म्हणाले, "तिच्या मोबाईलचं नंतर बघू. तुमचा मोबाईल जुना झालाय. पाण्यात वगैरे पडतो कधी कधी."
म्हटलं, रियाजला जामीन तरी मिळू द्या, आपण विरोध करायला नको. म्हणाले, विरोध केला नाही तर तुमचाच जबाब लंगडा पडतो.
शोभा दोन दिवस विचारतेय, बंदूक परत कधी मिळणार. तिला एवढंच सांगितलंय की रंगाखाली नंबर गेला आणि रियाजची चूक झाली. ती म्हणाली, "चूक झाली तर जेलात कावून घातला?" म्हटलं, कायदा तसा आहे.

१७ नोव्हें.
शबानाचा फोन. जेवत होतो, उठून अंगणात गेलो.
"तात्या, ते मी पुसून टाकलं."
काय पुसलं?
"तुमचं बोलनं. भाचा आला हुता, म्हनला पोलिसाला देऊ, पेपरवाल्याला देऊ, तात्याला आत घालू. मी म्हनलं, आमाला कुनाला आत घालायचं न्हाई, आमचं मानूस भाईर पायजे. त्याच्या हातात लागू नये म्हून पुसलं. तुमी काळजी करू नगा."
मी बरं म्हटलं. बरं केलं असं म्हटलं बहुतेक.
परत येऊन ताटावर बसलो. भाकरी तोडली आणि खाल्ली. पूर्ण जेवलो. आता पुरावा नाही, साक्ष नाही, रियाजच्या शब्दाला कोण विचारतो. वकिलांना कळवलं तर खूश होतील. मी तासभर खूश होण्याची वाट बघितली.

१८ नोव्हें.
तिच्याकडचं पुसलं. माझ्याकडे आहे. सकाळी दाढी करताना आठवलं. पाठवलेलं पाठवणाऱ्याकडे राहतंच. उघडून पाहिलं, आहे. १८ सप्टेंबर, पहिला आवाज अकरा सेकंदांचा, दुसरा सहा सेकंदांचा. मधे रियाजचा प्रश्न.
सहा सेकंदांत किती माज आहे माझ्या आवाजात. मागं गाडीचा हॉर्न वाजतोय, तोही माझाच.

२० नोव्हें.
पुसायचं बटण दोनदा दाबलं. मोबाईल विचारतो, नक्की का. दोन्ही वेळा नाही म्हटलं. पुढं काहीच केलं नाही. यात मोठेपणा नाही. जो माणूस पुसत नाही आणि दाखवतही नाही त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण चांगलं काही म्हणत नसावेत.
पोरीचा संभाजीनगरहून फोन. हॉस्टेलातल्या मुलींना तिनं खंडेनवमीचा फोटो दाखवला होता. विचारत होती, बाबा, तो डीपी का काढला.

२४ नोव्हें.
कोर्ट. रियाजच्या जामिनाची तारीख. मला यायची गरज नव्हती. वकील म्हणाले, जबाब देणारा दिसला तर वजन पडतं.
झाडाखाली उभा होतो. पोलिसांची गाडी आली. रियाज उतरला. दाढी वाढलेली, हाताच्या नखांत अजून हिरवा रंग, त्या शेवटच्या ट्रॉलीचा असेल. त्यानं मला बघितलं आणि तोंड उजळलं. दोरी धरलेल्या शिपायाला म्हणाला, मला ऐकू येईल एवढ्यानं, "म्हनलं न्हवतं का? तात्या येतेत म्हून. आमच्या घरचेच हायेत."
शिपाई माझ्याकडे बघत राहिला. त्याला कागद ठाऊक होते. मी हात वर केला. नमस्काराचा नव्हता, थांब म्हणतात तसाही नव्हता. वकिलांनी तो कोपराला धरून खाली घेतला.
न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख शुक्रवार, अकरा वाजता. शबाना फाटकाजवळ डबा घेऊन उभी होती. मला बघून पदर सावरला. शिपायानं डबा आत जाऊ दिला नाही, तो तिनं मला देऊ केला. घरी खावा म्हणाली. घेतला.

२७ नोव्हें., गुरुवार
डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. शोभानं विचारलं, हा कुणाचा. चार दिवस टाळलं, आज सांगितलं. कुणाचा डबा, कुणाचा जबाब, सगळं. दरोड्याचंही सांगितलं, टेबलाखालचं. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली.
मग मोबाईल काढून क्लिप लावली. अकरा सेकंद, रियाजचा प्रश्न, सहा सेकंद. खरं लिहितो. मला वाटलं होतं ती म्हणेल, पुसून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय, पंपावर घर चालतं. तिनं म्हटलं असतं की मी पुसणार होतो आणि उरलेलं आयुष्य म्हणणार होतो की शोभानं सांगितलं.
तिनं सूप खाली ठेवलं.
"हे मला कावून ऐकवताय?" म्हणाली. "मी काय जज हाय?"
आणि आत गेली. मी अंगणातच बसलोय. मोबाईल चार्ज आहे. पाण्याची टाकी भरून वाहतेय, उठून बंद करायला पाहिजे. उद्या अकराला.